पन्नाशीनंतर चार्जिंगची गाडी

उत्तर नागपूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये चार्जिंगच्या गाड्या आधी आणल्या त्या घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोरांनी. आता सकाळी नऊच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघा. एम्प्रेस मिलमध्ये अख्खी जवानी घालवलेले काका, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवऱ्याला मागे बसवून तपासणीला नेणारी पंचावन्न वर्षांची ताई. यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कधी स्कूटरला किक मारली नव्हती. गिअरची भानगड त्यांना जमली नसती. पण चावी फिरवली, रेस दिली की गाडी चालते म्हटल्यावर साठीच्या घरात ही माणसं गाडीवर बसली.

मला हे बघून बरं वाटतं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरंच टोचणारं लिहिणार आहे. वॉर्डात नोकरी करताना पाहिलं आहे की आपल्या लोकांचे उपचार अर्धवट सुटतात त्यात जाण्यायेण्याचा वाटा फार मोठा असतो. औषध फुकट मिळतं, पण इंदोऱ्याहून मेडिकल सात-आठ किलोमीटर. मुलाने सोडायला यायचं तर त्याची रोजी बुडते. ऑटोचे जाऊन-येऊन पैसे दिले की त्या दिवशीच्या भाजीला उरत नाही. मग ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ असं म्हणत म्हणत पायाची जखम काळी पडते. ज्या म्हाताऱ्या माणसाला कुणाला न विचारता घराबाहेर पडता येतं, ते माणूस दवाखान्यात वेळेवर येतं. एवढी एकच गोष्ट गाडीने साधली तरी ती घेण्यासारखी आहे.

अडचण अशी की आई-वडिलांसाठी गाडी घेताना घरातली पोरं दोनच प्रश्न विचारतात. किंमत किती आणि लायसन्स लागतं का? माझं म्हणणं आहे की त्याआधी दुसरे दोन प्रश्न विचारा. चालवणाऱ्याचं शरीर कसं आहे? आणि रात्री ही गाडी, तिची बॅटरी, घरात नक्की कुठे राहणार?

गाड्या तीन, नाव एक

बोलताना आपण सगळ्यांनाच चार्जिंगची गाडी म्हणतो. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

एक आहे पायडलची इलेक्ट्रिक सायकल. पायडल तुम्हीच मारायचं, मोटर नुसता हातभार लावते. उड्डाणपुलाच्या चढावर छाती भरून येत नाही. वजन साधारण वीस-पंचवीस किलो, आणि बॅटरी एवढीशी की पूर्ण भरायला अर्धं युनिटसुद्धा लागत नाही.

दुसरी ती ‘बिनलायसन्सची’ स्कूटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ताकद 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असलेली दुचाकी ही ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. मात्र त्यासाठी तिच्या नमुन्याची सरकारमान्य चाचणी संस्थेकडून, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून, तपासणी झालेली असावी लागते. तो कागद दुकानदाराकडे मागा. ‘काकू, याला कसला कागद?’ असं उत्तर आलं तर दुकानाबाहेर पडा. आणि ‘वायर काढून देतो, पन्नासने पळेल’ असं कुणी म्हणालं तर आणखी लवकर बाहेर पडा. वेग वाढवला की ती कायद्याने मोटार वाहन होते आणि तुमच्याकडे ना नोंदणी, ना विमा, ना लायसन्स. अशा बदललेल्या गाड्यांविरुद्ध परिवहन खात्याने मे 2022 मध्ये राज्यात मोहीम काढली होती. त्या गाडीचे ब्रेक आणि टायर 25 च्या वेगासाठी बनवलेले असतात, हे तर कायद्याच्याही आधी लक्षात घ्यायचं.

तिसरी, नोंदणीची स्कूटर. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे. ती पेट्रोलच्या गाडीइतकीच पळते आणि तिला लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं लागतं.

आता यातली म्हाताऱ्या माणसाला कोणती? सगळ्यांचा कल दुसरीकडे असतो. स्वस्त, हळू, कागदाची कटकट नाही. काही जणांना ती खरंच पुरते. गल्लीतून चौकातल्या बाजारात, विहारात, नातीच्या शाळेत जायचं, तेवढ्यासाठी ठीक. पण कामठी रोडवर ट्रक आणि बसच्या मध्ये 25 च्या वेगाने जाणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय त्या स्वस्त गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत शिशाची जड बॅटरी असते. ती वर्ष-दीड वर्षात दमते. मग पुन्हा हजारो रुपये. घेतानाच विचारा, बॅटरी लिथियमची की शिशाची, वॉरंटी किती वर्षं, आणि नवी टाकायची तर आज किंमत काय. हे उत्तर पावतीवर लिहून घ्या.

ज्यांना रोज मोठ्या रस्त्याने कामावर जायचं आहे त्यांनी थोडे पैसे साठवून, उशिरा का होईना, नोंदणीचीच गाडी घ्यावी आणि रीतसर लायसन्स काढावं. पन्नाशीला लायसन्स मिळत नाही, हा गैरसमज आहे. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याला नमुना 1-ए म्हणतात. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढलेलं लायसन्स साठीपर्यंत चालतं, पंचावन्ननंतरचं पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. वरची वयोमर्यादा कायद्यात नाही. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी छप्पन्नाव्या वर्षी परीक्षा दिली. रस्त्यावरच्या खुणा त्यांनी नातवाच्या वहीत चित्रं काढून पाठ केल्या. त्यांना सही करताना वेळ लागतो, पण ‘प्रवेश बंद’ आणि ‘थांबा’ यात त्या कधी चुकणार नाहीत.

सायकलीकडे मात्र आपले लोक नाक मुरडतात. ‘साठ वर्षं सायकलच मारली, आता पुन्हा सायकल?’ असं एका काकांनी मला सुनावलं. त्यांचं म्हणणं समजतं. गरिबीची खूण म्हणून जी वस्तू मागे टाकली ती म्हातारपणी कोण घेईल? पण युरोपात नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात आज विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींमध्ये जवळपास निम्म्या इलेक्ट्रिक असतात आणि त्या चालवणाऱ्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा आहे. शुगर, बीपी, थोडं दुखणारे गुडघे, अशा माणसाला मी तरी आधी हीच सुचवीन. मोटर मदत करते तरी पाय फिरतात, श्वास वाढतो, शुगर खर्च होते, आणि गुडघ्यावर शरीराचं वजन येत नाही.

स्कूटरने यातलं काहीच होत नाही. उलट गाडी आली की चालणं जातं, हे मी घरोघरी पाहते. आधी दुधाला पायी जाणारा माणूस आता शंभर पावलांसाठी गाडी काढतो आणि तीन महिन्यांनी शुगरचा रिपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे येतो. स्कूटर घेतलीत तर रोजचं अर्ध्या तासाचं चालणं वेगळं ठेवा.

शरीराची तपासणी

डॉक्टरांच्या त्या नमुना 1-ए मध्ये एक प्रश्न असतो. चांगल्या उजेडात 25 मीटरवरची गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? बिनलायसन्सच्या गाडीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो घरीच विचारा. उभ्या गाडीपासून साधारण पस्तीस-चाळीस पावलं मागे जा, चष्मा असेल तर लावून नंबर वाचा. नाही वाचता आला तर आधी डोळे तपासा. मोतीबिंदू कच्चा असला की दिवसा ठीक दिसतं, पण रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात फुटतो आणि क्षणभर रस्ताच दिसत नाही. अशांनी दिवे लागायच्या आत घरी यावं.

मग भिंतीजवळ उभं राहून एक पाय उचला. दहा सेकंद तोल राहतो का? मान दोन्ही खांद्यांवरून मागे वळते का? मानेच्या मणक्याचा त्रास असलेले लोक मागे न बघताच गाडी वळवतात, कारण वळून बघणं दुखतं. त्यांनी दोन्ही आरसे लावून घ्यावेत. आपल्याकडे आरसा काढून ठेवायची फॅशन पोरांची, ती आजोबांनी कशाला करायची? दोन्ही हातांची पकडही बघा. ओला टॉवेल घट्ट पिळता येत नसेल तर ब्रेक तरी कसा दाबाल?

गाडी दुकानात बसून बघायची ती एकाच गोष्टीसाठी. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का? चवड्यांवर उभं राहावं लागत असेल तर ती गाडी कितीही सुंदर असो, तुमची नाही. म्हातारी माणसं भर वेगात पडतात त्याहून जास्त वेळा चढताना, उतरताना, थांबता थांबता पडतात. पाळीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात. नुसतं उभ्या गाडीवरून कलंडलं आणि हात टेकला तरी मनगट मोडतं, कुशीवर पडलं तर खुबा. खुब्याचं हाड मोडलेली बाई पुढे किती महिने खाटेवर असते, ते ज्या घरात झालं आहे त्या घराला विचारा.

चार्जिंगच्या गाडीची एक वेगळी खोड आहे. पेट्रोलची गाडी आधी आवाज करते, मग सरकते. ही आवाज न करता एकदम उचल खाते. त्यात सगळ्यात घातक प्रसंग म्हणजे गाडी ढकलत आत घेण्याचा. गाडी उंबऱ्यावरून चढवताना डावा हात हँडलला, उजवा हात रेसवर, आणि चावी चालूच. जोर लावताना मूठ फिरते आणि गाडी माणसाला ओढत भिंतीवर जाते. म्हणून उतरायच्या आधी चावी बंद, ही सवय पहिल्या दिवसापासून. नातवाला पुढे उभं करून फिरवू नका, त्याचा हात रेसवर जातोच. शिकायचं ते रविवारी सकाळी बेझनबागसारख्या मोकळ्या मैदानावर, सगळ्यात कमी वेगाच्या मोडवर, आणि शिकवणारा पोरगा ओरडणारा नसावा. आईला शिकवताना पोरं फार ओरडतात.

शुगरच्या रुग्णांनी नीट ऐका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, न खाता गाडी काढायची नाही. हाताला कंप, घाम, डोळ्यांपुढे धूसर, विनाकारण चिडचिड, असं काही वाटलं की गाडी बाजूला घ्या आणि तीन चमचे साखर खा. पुडी खिशात असावी, डिक्कीत नको, कारण त्या वेळी डिक्कीची चावी लागत नाही. पंधरा मिनिटं बसा. बरं वाटलं तरी काहीतरी खाऊन मगच निघा. ज्यांच्या पायाला शुगरमुळे मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्यांना पाय कुठे टेकला ते कळत नाही. त्यांनी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावा. झोपेची गोळी, सर्दी-खाजेची झापड आणणारी गोळी घेतली असेल तर तिचा अंमल सकाळीही राहतो.

सिकलसेल विदर्भातल्या आपल्या समाजात किती घरांत आहे, हे नव्याने सांगायला नको. या आजारात काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि चाळिशीतच पाय ओढत चालावं लागतं. अशा माणसाला ही गाडी खरोखर पाय देते. किक नाही, पायडल नाही. फक्त मे महिन्यात दुपारी निघू नका, पाणी बरोबर ठेवा, आणि डिसेंबरच्या पहाटे स्वेटर-मफलरशिवाय गाडी काढू नका. शरीरातलं पाणी कमी होणं आणि थंड वारा, दोन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनाही उन्हाचं हेच सांगणं.

हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही. आयएसआय मार्कचं घ्या, गळ्याचा पट्टा लावा. 25 च्या वेगाच्या गाडीला कायदा विचारत नसला तरी रस्ता तेवढाच टणक आहे. साडीचा पदर खोचून कमरेला गाठ मारा, आणि मागे बसणारीचाही बघा.

बॅटरी झोपते कुठे

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत एका घरात स्कूटरची बॅटरी बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्या खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विजयवाड्यात झोपायच्या खोलीत चार्जिंगला ठेवलेल्या बॅटरीने पेट घेतला, घरातला कर्ता माणूस गेला, बायको-मुलं जखमी झाली. अशा घटनांनंतर केंद्र सरकारने नोंदणीच्या दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-156 हे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. म्हणून जुनी गाडी घेत असाल तर ती त्याआधीची नसावी. अर्ध्या किमतीत मिळते म्हणून 2021 ची गाडी घरात आणू नका.

नियम कडक झाले, गाड्या सुधारल्या. पण आपली घरं तीच आहेत. दहा बाय दहाची खोली, एक दार, वर पत्रा, एका बोर्डावर टीव्ही, कूलर, मिक्सर आणि आता चार्जर. शोरूमची माणसं सांगतात, ‘हवेशीर ठिकाणी चार्ज करा.’ हवेशीर ठिकाण आणायचं कुठून? गाडी बाहेर ठेवली तर चोरीची भीती, म्हणून माणसं रात्री गाडी आत घेतात आणि दारात आडवी लावतात. हे सगळ्यात वाईट. आग लागली तर बाहेर पडायचा एकच रस्ता आणि पेटलेली वस्तू नेमकी त्यावर. लिथियम बॅटरी पेटायच्या आधी फसफस आवाज करत दाट धूर सोडते, तो विषारी असतो आणि झोपलेल्या माणसाला उठायची संधी देत नाही.

तेव्हा घरात एवढं ठरवा. चार्जिंग दिवसा, कुणीतरी जागं आणि घरात असताना. रात्रभर लावून ठेवायची नाही. झोपायच्या खोलीत नाही, दाराच्या वाटेत नाही, गादी-कपड्यांच्या ढिगाजवळ नाही, गॅसच्या सिलिंडरजवळ तर नाहीच. बाहेर ओटा असेल तर ओट्यावर, साखळी लावून. गाडी उन्हातून आली की अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मग लावा. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्ज करू नका, सकाळी लवकर करा. चार्जर कंपनीचाच. बिघडला तर चौकातल्या दुकानातला ‘सेम टू सेम’ चालत नाही. एक्स्टेंशनच्या वायरवर नको, भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावा, आणि आधी वायरमनला बोलावून अर्थिंग खरंच आहे का बघून घ्या. बऱ्याच घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. आकड्याच्या विजेवर तर अजिबात नको. दाब कमी-जास्त होऊन आधी चार्जर जातो, मग काहीही होऊ शकतं.

बॅटरी फुगली, वास आला, हात लावता येणार नाही इतकी तापली, तर चार्जिंग बंद करून ती उघड्यावर न्या आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. धूर सुरू झाला असेल तर मात्र तिला हात लावू नका. मेन स्विच हाताशी असेल तर बंद करा, नसेल तर सोडा. माणसं बाहेर, दार ओढून घ्या, 101 ला फोन. दागिने-कागदांसाठी परत आत नाही. विझली असं वाटल्यावर ती पुन्हा पेटते. कुणी भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी. नळ नसेल तर ड्रममधलं मगाने ओतत राहा. टूथपेस्ट, तूप, शाई काही लावू नका. वॉर्डात आम्हाला ते खरवडून काढावं लागतं आणि माणूस दुसऱ्यांदा भाजल्यासारखा ओरडतो.

पाण्यात बुडालेली बॅटरीही तेवढीच धोक्याची. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, ते आठवा. अशा पुरातून निघालेली गाडी वाळवून चार्जिंगला लावायची नसते. आत गेलेलं पाणी काही दिवसांनी शॉर्ट करू शकतं. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

यावर एक उपाय वस्तीनेच करता येतो. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या अंगणात पत्र्याची उघडी शेड, पक्कं अर्थिंग, एमसीबी, आणि ज्याचं युनिट त्याने भरायचं म्हणून वेगळा सबमीटर. नोंदणीच्या साध्या स्कूटरची बॅटरी दोन-अडीच युनिटांत भरते. युनिट दहा रुपये धरलं तरी वीस-पंचवीस रुपये, आणि त्यात साठ-सत्तर किलोमीटर. एवढे पैसे द्यायला कुणी मागेपुढे बघत नाही. बैठकीत हा विषय काढा. डीजेच्या वर्गणीची चर्चा दोन तास चालते, यावर वीस मिनिटं पुरतील.

पडल्यावर

पडलेलं माणूस ‘मला काही झालं नाही’ असं म्हणतंच. म्हातारं माणूस तर जास्तच, कारण त्याला भीती असते की पोरं गाडी काढून घेतील. डोक्याला मार लागल्यावर उलटी, झापड, बोलण्यात गडबड, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, एक बाहुली मोठी एक लहान, यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन करा. आणि ज्यांना हार्टसाठी किंवा पॅरालिसिसनंतर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, त्यांनी डोक्याला साधा टेंगूळ आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अशांच्या डोक्यात रक्तस्राव हळूहळू होतो, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. गोळीचं नाव कागदावर लिहून खिशात ठेवा.

विम्याचं गणितही याच वेळी डोळ्यांपुढे येतं. नोंदणीच्या गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स असेल तरच. पंचावन्ननंतर ते पाच वर्षांनी संपतं, तारीख कॅलेंडरवर लिहा. बिनलायसन्सच्या गाडीला यातलं काहीच नाही. तुमच्या धडकेने दुसऱ्याला लागलं तर भरपाई तुमच्याच खिशातून. निदान स्वतःसाठी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास 2 लाख. हप्ता खात्यातून मे अखेरीस कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढे पैसे असू द्या. वीस रुपयांसाठी विमा बंद पडलेली घरं मी पाहिली आहेत.

शेवटी दमलेल्या बॅटरीचं. ती भंगारात देऊ नका. बॅटरी कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला ती घ्यायला लावा आणि पावती मागा. दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून ती गल्लीतल्या भंगारच्या दुकानात गेली, तर तिथे हातोड्याने फोडायला बसणारी पोरंही आपल्याच वस्तीतली असतात. लिथियमच्या बॅटरीवर घाव पडला की ती त्यांच्या मांडीवरच पेटते, आणि शिशाची असली तर तिचं ॲसिड नालीत आणि शिशाची धूळ त्यांच्या घरच्या लेकरांच्या पोटात जाते.